कड्याला हात लावायचा नाही

राग माझ्या नाकावर बसलेला असतो, असं माझी माय सगळ्या गावाला सांगत आली. पण त्या पावसाळ्यात मी जालन्याच्या प्रयोगशाळेतल्या एका यंत्रावर जेवढी चिडले, तेवढी कुठल्या माणसावरही कधी चिडले नाही. यंत्राच्या जागी माणूस असता तर राजीनामा देऊन निघून गेला असता. यंत्र बिचारं जागच्या जागी बसून राहिलं, आणि मीही. दोघांपैकी कुणीतरी हटणार होतं, आणि ती मी नसणार, एवढं मी पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं होतं.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. जालन्याबाहेर बियाणांच्या कंपन्यांची शेडं एकामागोमाग एक उभी राहत होती. त्यातल्याच एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन उगवण तपासायला लागले होते. ओल्या कागदात बी गुंडाळायचं, ठरल्या दिवशी उलगडायचं, किती उगवलं ते बघायचं. काम वाईट नव्हतं, पण हात चालू आणि डोकं बंद अशी अवस्था व्हायची. डोकं बंद ठेवायचं असतं तर मी रोज दोन एसट्या बदलून कॉलेज कशाला केलं असतं? तेवढ्यात आमच्या सरांनी ते यंत्र आणलं. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, घनसावंगीकडचे, परभणीला शिकलेले, बोलायला मोकळे आणि साहेबांपुढे थोडे घाबरट.

यंत्र म्हणजे सूक्ष्मदर्शकच, पण त्यात लेझर बसवलेला. काचपट्टीवर नमुन्याचा पातळ काप ठेवायचा. शेजारच्या संगणकाच्या पडद्यावर त्याचं चित्र येतं. त्यातल्या हव्या त्या पेशींभोवती माउसनं रेघ ओढायची आणि बटण दाबायचं. लेझर त्या रेघेवरून फिरतो आणि तेवढाच तुकडा सुटून खाली ठेवलेल्या इवल्याशा नळीच्या झाकणात पडतो. लेझर डोळ्यांना दिसत नाही, दिसते ती त्यानं कापलेली रेघ. रेघ केसाहून बारीक आली तर फोकस बरोबर. जाड आणि करपलेली आली तर फोकस चुकला, आणि तुकडा पडतच नाही, एका कोपऱ्याला लोंबकळत राहतो.

आम्हाला कापायच्या होत्या कापसाच्या कळीतल्या पेशी. कापसाच्या एका वाणाला पराग धरतच नव्हता. का धरत नाही, याचं उत्तर परागाला पोसणाऱ्या पेशींच्या एका पातळ थरात होतं, आणि तो थर शेजारच्या पेशींची भेसळ न होता वेगळा काढायचा होता. असं बिनपरागाचं झाड नीट समजलं, तर पुढं संकरित बी तयार करताना एकेक कळी हातानं सोलावी लागणार नाही, असं सर सांगायचे. त्या कळ्या कोण सोलतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. पिंपळगाव रेणुकाईच्या शिवाराला लागून आमचं गाव, आणि माझी माय दर हंगामात तिथल्या सीड प्लॉटवर तेच काम करायची.

यंत्र खरं तर हैदराबादच्या मोठ्या प्रयोगशाळेसाठी घेतलेलं. तिथलं बांधकाम रखडलं म्हणून सरांनी ते मागून जालन्याला आणवलं, आणि तिथल्या मोठ्या मॅडमना, म्हणजे कंपनीच्या संशोधनाच्या प्रमुखांना, शब्द देऊन बसले की दसऱ्याच्या आत त्या थराचे स्वच्छ तुकडे काढून दाखवतो. दाखवले तर यंत्र जालन्यात राहील, नाहीतर हैदराबादला जाईल. ते चालवायला सरांनी मला निवडलं होतं. यंत्र गेलं की मी परत ओल्या कागदांकडं. यंत्रामागं हैदराबादला जाणं मला जमणारं नव्हतं. वडील गेल्यापासून माय गावात एकटी होती, आणि एखाद्या रविवारी मी घरी पोचले नाही तर सोमवारी सकाळी बूथवरून तिचा फोन आलाच म्हणून समजा.

यंत्र बसवायला पुण्याहून एक इंजिनिअर आला. तरुण होता, भरभर बोलायचा. त्यानं काचपट्टीवर मार्कर पेननं काळा पट्टा ओढला, पडद्यावर बघून तो ठळक केला आणि त्यावर लेझर सोडला. संगणकावर लेझरचा फोकस खालीवर करायची एक खूण होती. ती तो थोडी वर न्यायचा, एक रेघ मारायचा, आणखी वर न्यायचा, दुसरी मारायचा. काळ्या शाईत पांढऱ्या रेघा उमटत गेल्या, जाड, बारीक, अगदी बारीक, पुन्हा जाड. "सगळ्यात बारीक जिथं येते तिथं थांबायचं. शाईवर जमलं की सगळ्यावर जमलं," तो म्हणाला. मग त्यानं आमचा कापसाचा काप लावला, पडद्यावर बघत एक गोल ओढला, आणि तुकडा टपकन खाली पडला. सरांनी टाळी वाजवली. त्याच संध्याकाळी इंजिनिअर गाडी पकडून गेला आणि दुसऱ्या दिवशी मी बसले.

मी माझ्या पद्धतीनं बसले. चप्पल दाराबाहेर, चष्मा काढून अ‍ॅप्रनच्या खिशात, डोळे सूक्ष्मदर्शकाला. मला शाळेपासून चष्मा, लांबचं दिसत नाही. आमच्या कॉलेजात दोन डोळ्यांनी बघायचा सूक्ष्मदर्शक एकच होता, बाकीचे एका डोळ्याचे. तो कपाटातून बाहेर निघाला की वर्गात लग्नघरासारखी धांदल. जिथं डोळा लावतात तिथं त्याला एक फिरतं कडं होतं. आमच्या आधीच्या पोरांनी ते फिरवून फिरवून सोडवलं आणि आतली काच फरशीवर पडून फुटली. मग आमच्या प्राध्यापकांनी नवी काच बसवली आणि त्या कड्यावर सरकारी पाकिटाला लावतात तशी लाख ओतून ते कायमचं बंद करून टाकलं. दर वर्षी पहिल्या तासाला ते सांगायचे, "चष्मे काढा, काचेला ओरखडे पडतात. डोळा लावा. मोठ्या चक्रीनं फोकस करा. कड्याला हात लावायचा नाही." त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, तो हेच सांगेल.

तर मी सकाळी इंजिनिअरनं दाखवल्याप्रमाणे शाईवर रेघा मारल्या. पडद्यावर बघून सगळ्यात बारीक रेघ शोधली, तिथं लेझरचा फोकस ठेवला. मग कापसाचा काप लावला. हवा तो थर शोधायला मी पडद्याकडं नाही, सूक्ष्मदर्शकात वाकून बघितलं. डोळ्यानं बघितलेल्यावर माझा भरवसा, पडद्यावरच्यावर नाही. काप खालीवर करणाऱ्या मोठ्या चक्रीनं फोकस केला. एकेक पेशी स्वच्छ, जणू मोजून घ्या म्हणत होती. मग वर बघून पडद्यावर रेघ ओढली आणि बटण दाबलं. काप करपला. रेघ नव्हतीच ती, काळपट खंदक होता. तुकडा कोपऱ्याला लोंबकळत राहिला.

पडद्यावरचं चित्र तेव्हा धूसर होतं, हे मला दिसत होतं. पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शाई काळी, ठळक, ती पडद्यावर चांगली दिसणारच. काप फिका, बिनरंगी, तो धूसर दिसणार. आणि पडदा म्हटला की तो धूसर असायचाच, ही माझी लहानपणापासूनची समजूत. आमच्या गावात पहिला टीव्ही आला तेव्हा एक जण छपरावर अँटेना फिरवायचा, एक जण दारातून ओरडायचा, आणि तरीही पडद्यावर मुंग्या असायच्या. एका माणसाची दोन माणसं दिसायची. आम्ही त्या मुंग्यांतूनच सगळं जग बघितलं आणि समाधानानं घरी गेलो. त्यामुळं पडद्याकडून माझी फारशी अपेक्षाच नव्हती.

मग सुरू झाली झटापट. शाईवर रेघ बारीक, कापावर जाड. शाई कापते म्हणजे लेझर ठीक, तर मग खोट कापात असणार. मी काप आणखी पातळ केले. तरी करपले. पावसाळी हवेनं काप ओलसर राहत असतील म्हणून ते जास्त वेळ वाळवले. तरी तेच. लेझरचा जोर वाढवला, तर कापाला भोक पडलं. कमी केला, तर रेघच उमटेना. पलीकडच्या शेडमध्ये बी चाळायचं यंत्र चालायचं, त्याच्या हादऱ्यानं होत असेल म्हणून ते बंद असताना बसले. विजेचा दाब कमीजास्त होत असेल म्हणून स्टॅबिलायझर बदलून घेतला. एकदा तर मला वाटलं, माझे हातच थरथरत असतील, म्हणून मनगटाखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला. एखाद वेळी तुकडा पडायचाही, आणि मी हरखून जायची. पुढच्या कापाला पुन्हा तेच.

सर अधूनमधून येऊन डोकवायचे. ते डोळे लावायचे आणि म्हणायचे, "धूसर दिसून राह्यलंय," आणि मोठी चक्री फिरवायचे. त्यांचं काम झालं की मी बसायची, तर मला सगळं धूसर. मग मी चक्री परत फिरवायची आणि दात-ओठ खायची.

"सर, चक्रीला हात लावू नका ना. माझा फोकस जातो."

"आता बघायचं बी न्हाई का? बरं राहिलं. पण ताई, शाई बराबर कापून राह्यल्या तुम्ही. मंग कळीनंच काय घोडं मारलंय तुमचं?"

"काप ओला राहतोय."

"मागच्या हप्त्यात जाड होता. त्याच्या आधी लाइट कमीजास्त होत होती." सर हसले. "नाचता येईना अंगण वाकडं, असं तर न्हाई ना होऊन राह्यलं?"

गमतीत बोलले ते, पण मला फार लागलं. दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण मला रडू येत नाही, रागच येतो. सगळ्यात जास्त राग याचा येत होता की इंजिनिअरनं हेच यंत्र, हाच काप, याच खुर्चीत बसून एका फटक्यात कापला होता. म्हणजे खोट माझ्यातच कुठंतरी होती, आणि ती मला सापडत नव्हती.

भादव्याच्या अखेरीला हैदराबादहून फोन आला. मोठ्या मॅडम दसऱ्याच्या आधी येणार होत्या. सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "त्यांच्याकडं शिकलेली पोरं हायेत म्हणे. बोलवून घेऊ का एकाला? जल्दी सांगा."

मी म्हणाले, "मॅडम येईपर्यंत खुर्चीत मीच बसणार. त्या आल्यावर जमलं नाही तर यंत्राचं खोकं मी स्वतः बांधून देते."

सरांनी कुणाला बोलावलं नाही. मला वाटतं, त्यांनाही यंत्र सोडवत नव्हतं.

त्या रविवारी गावी गेले तर घराला कुलूप. माय प्लॉटवर होती. हंगामात तिला रविवार-सोमवार नसतो. दुपारनंतर बायका ओळीनं कापसात शिरतात आणि उद्या उमलणाऱ्या कळ्या सोलतात. अंगठ्याच्या नखानं पाकळ्यांसकट परागाचा सगळा झुबका काढून टाकायचा आणि मधली मादीची नाजूक दांडी तेवढी उभी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दांडीला दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. सोलताना दांडीला नख लागलं की बोंड धरत नाही, कळी वाया. म्हणून ओळीमागून एक जाणती बाई तपासत येते. कळी नीट सोलली असेल तर ती एवढंच म्हणते, "धक्का न्हाई लागला." त्या रानात याहून मोठी शाबासकी नाही. माझ्या मायनं ती वर्षानुवर्षं ऐकली होती.

त्या दिवशी मी बांधावर उभी राहून बघितलं, तर माय कळी जवळ धरायच्या ऐवजी कमरेत मागं झुकून, फांदी हातभर लांब ढकलून सोलत होती. नातवाची शाळेची पाटी आजोबा लांब धरून वाचतात, तसं. बाकीच्या बायका पुढं गेल्या होत्या, ती मागं राहिली होती.

संध्याकाळी चुलीपाशी ती आपणहून म्हणाली, "प्लॉटवाला म्हणत होता, मावशी, उद्यापासून तुम्ही नुसता पराग लावा. सोलायचं तरण्या पोरींना करू द्या."

"तुला जवळचं दिसत नाही, माय. चष्मा लागलाय."

"चष्मा लावून रानात जाऊ? मास्तरीण म्हणतील मला."

"म्हणू देत."

"आणि तू ते मशीन लावलं की सोलायचं कामच ऱ्हाणार न्हाई म्हणतीस. मंग चष्म्याचा खर्चा कशाला?"

मी चुलीत काटकी सारली. माझ्या कामाचा शेवट तिच्या कामावर येऊन पडत होता, हे मला माहीत होतं, पण ते तिच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. तीच पुढं म्हणाली, "जाऊ दे काम. मान मोडती त्यानं. पण जोवर हाये तोवर मला मागं कुणी ठेवू ने." हे ऐकून मी तिला उठवलंच. शेवटच्या एसटीनं जालन्याला माझ्या खोलीवर आणलं आणि सकाळी ऑफिसच्या आधी चष्म्याच्या दुकानात नेलं.

दुकानदार म्हातारा होता, हैदराबादी वळणाचं बोलणारा. त्यानं मायच्या नाकावर ती जड, गोल, रिकामी फ्रेम चढवली आणि तिच्या हातात सुई-दोरा दिला. "ओवा मावशी." मायनं सवयीनं सुईचा हात लांब नेला. त्यानं तिचं मनगट धरलं आणि परत जवळ आणलं. तिनं पुन्हा लांब नेला. त्यानं पुन्हा जवळ आणला आणि हसून म्हणाला, "हात बिलकुल हलवू नका. हात तिथंच राहू द्या. काच मी बदलतो." मग फ्रेममध्ये एक काच घातली, काढली, दुसरी घातली. हात तिथंच, सुई तिथंच. मायनं दोरा ओवला आणि चकित होऊन माझ्याकडं बघितलं.

आणि माझ्या डोळ्यांपुढं आमचं यंत्र उभं राहिलं.

हात हलवायचा नाही, काच बदलायची. मी इतके दिवस काय करत होते? चष्मा काढून सूक्ष्मदर्शकात बघायची आणि मला स्वच्छ दिसेपर्यंत मोठ्या चक्रीनं काप खालीवर करायची. म्हणजे सुई लांब नेत होते. माय कळी लांब नेते तेव्हा तिचं नखही हाताबरोबर लांब जातं, म्हणून तिचं कसंबसं निभतं. लेझर माझ्या डोळ्याबरोबर हलत नाही. पडद्यावर काप जिथं स्वच्छ दिसतो तिथंच तो कापणार. शाई मी पडद्यावर बघून नीट करायची, म्हणून शाई कापली जायची. काप मी माझ्या डोळ्याच्या नंबरावर आणून ठेवायची आणि लेझर बिचारा तिसरीकडंच कापत बसायचा. पडद्यावरच्या मुंग्या मला हेच सांगत होत्या, आणि मी त्यांना टीव्हीच्या मुंग्या समजले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. डोळ्याच्या नंबराप्रमाणे काच मागंपुढं सरकवायची सोय त्या यंत्रालाही होती. त्यासाठीच तर तिथं कडं असतं.

मायला चष्मा मिळाला. तो तिनं दुकानाबाहेर पडताच डबीत घातला, गावातच लावीन म्हणाली. तिला एसटीत बसवून मी प्रयोगशाळेत पळत गेले.

काप लावला. आज आधी पडदा. मोठी चक्री हळूहळू फिरवत गेले, आणि पडद्यावरचा काप स्वच्छ होत होत इतका स्वच्छ झाला की मला माझीच लाज वाटली. एक मुंगी नव्हती. मग चष्मा काढून सूक्ष्मदर्शकात बघितलं, तर नुसतं धुकं. हात सवयीनं चक्रीकडं गेला. तो मी ओढून घेतला आणि कड्यावर ठेवला.

हसू नका, पण माझी बोटं तिथं पोचून थांबली. कॉलेज सोडून इतकी वर्षं झाली, प्राध्यापक निवृत्तही झाले असतील, तरी मागून कुणीतरी ओरडेल असं वाटलं. इथं लाख नव्हती. कडं लोण्यातून फिरावं तसं फिरलं. धुकं पातळ होत गेलं आणि एका जागी पेशी लख्ख उभ्या राहिल्या. वर बघितलं, पडदाही लख्ख. दुसऱ्या डोळ्याचं कडंही तसंच लावलं. काप जागचा हलला नव्हता.

रेघ ओढली, बटण दाबलं. केसाहून बारीक रेघ त्या थराभोवती फिरून आली, आणि तुकडा खाली पडला. मी दुसरा कापला. तो पडला. तिसरा पडला तेव्हा मी खुर्चीतून उठून दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले, कारण जागेवर बसवेना.

सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे लावले आणि म्हणाले, "धूसर—"

"चक्रीला हात लावायचा नाही सर. कडं फिरवा."

"कडं?" त्यांनी मान वर केली. "आमच्या परभणीच्या कॉलेजात ते गंजून बसल्तं. फिरतं असतं, हेच आम्हाला ठाऊक न्हाई." त्यांनी घाबरत घाबरत फिरवलं. नंतर ते बघतच बसले.

मोठ्या मॅडम आल्या तेव्हा प्रयोगशाळा धुऊनपुसून लख्ख होती आणि सरांनी नवा शर्ट घातला होता. मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. मी दोन तुकडे कापून दाखवले. त्यांनी मान डोलावली, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग म्हणाल्या, "मी बसते." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे लावले, कपाळाला आठी पडली आणि हात मोठ्या चक्रीकडं गेला.

"चक्रीला हात लावू नका!"

माझ्या तोंडून निघून गेलं, आणि तेही चांगलं मोठ्यानं. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. मॅडमचा हात हवेतच राहिला. झालं, गेलं यंत्र, असं मला वाटलं. पण शब्द बाहेर पडले होते, आता मागं घेण्यात अर्थ नव्हता. "काप पडद्यावर बरोबर आहे," मी म्हणाले. "तो हलला तर लेझर चुकेल. धूसर तुमच्या नंबरामुळं दिसतंय. ते कडं फिरवा."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं. मग कडं फिरवलं. वाकून बराच वेळ बघत राहिल्या. सरळ बसून स्वतः रेघ ओढली, बटण दाबलं. तुकडा पडला. त्यांच्या हातून पहिल्या खेपेला पडला.

"या यंत्रासाठी हैदराबादेत सहा जण शिकवून ठेवलेत," त्या चष्मा लावत सरांना म्हणाल्या. "साध्या सूक्ष्मदर्शकावरही सगळे चक्रीच फिरवतात. यंत्र इथंच राहू द्या. त्या सहांना इकडं पाठवते." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "त्यांच्यावरही असंच ओरडा."

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते आणि घरच्यांना आत येता येतं. माय इरकली नेसून आली. या खेपेला चष्मा डोळ्यांवर होता. कुणी मास्तरीण म्हणालं का, विचारलं, तर म्हणाली, "म्हणू दे की. ओळीत पुढं मीच हाये." यंत्राच्या अंगावर हळदकुंकू पडू नये म्हणून मी टेबलापुढं रखवालदारासारखी उभी होते. सरांनी लांबूनच फूल वाहिलं.

सगळे चहाला गेल्यावर मी मायला खुर्चीत बसवलं. नवा चष्मा काढून तिनं डोळे लावले. मी काप पडद्यावर नीट केला आणि तिच्या शेजारी उभी राहून कडं हळूहळू फिरवत गेले.

"दिसतंय?"

"न्हाई." मग थोड्यानं, "थांब. आता दिसून राह्यलं."

"हा तुझ्या कळीतला परागाचा कोश आहे. तू नखानं काढून फेकतेस तोच. कापून आतून बघितला की असा दिसतो."

"आन् ह्ये मधी मोकळं काय हाये?"

"तिथला एक थर मी काढून घेतलाय. तेवढाच."

ती बघत राहिली. तिची पाठ प्लॉटवर असते तशीच वाकलेली होती, आणि अंगठ्याचं नख टेबलाच्या कडेवर नकळत हलत होतं. मला त्या क्षणी मॅडमची, सरांची, कुणाचीच शाबासकी नको होती. मी वाट बघत होते.

"बराबर काढलंस," माय म्हणाली. "शेजारच्याला धक्का न्हाई लागला."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसले. काप लावला, पडद्यावर फोकस केला, चष्मा काढून डोळे लावले, तर समोर नुसतं धुकं. मग ध्यानात आलं, कडं अजून मायच्या डोळ्यावर होतं. मी थोडा वेळ ते धुकंच बघत बसले. मग कडं माझ्या नंबरावर आणलं आणि कामाला लागले.